बाबांचा डावा हात

जबलपूर, ९ नोव्हेंबर २०२४

चि. रंगा,

आशीर्वाद. वयाने मोठी आहे म्हणून देते आहे. तू वाकला नाहीस हे मला इथूनही कळतं.

फोन असताना पत्र काहून, असं विचारशील. बाबांची नजर गेली तसे त्यांचे कान तिखट झाले. मी मागच्या अंगणात जाऊन फोनवर कुजबुजले तरी आतून दुरुस्ती येते, "गिट्टी नाही आली अजून, रेती आली." या घरात मला एकांत मिळतो तो फक्त कागदावर. शिवाय व्हॉट्सअॅपवर तू निळ्या खुणा करून समाधी लावतोस. पत्राला निळी खूण उमटत नाही. तू वाचलंस, हेलावलास, उत्तराला शब्द शोधून राहिलास, अशी कल्पना करायला मी मोकळी.

तर वृत्तांत. फॅक्टरीच्या कॉलनीतले आपल्या रांगेचे क्वार्टर जीर्ण ठरले आहेत. बाबांच्या नोकरीत मिळालेला, नंतर मी कॉलनीच्या शाळेत संस्कृत शिकवते म्हणून माझ्या नावावर टिकलेला हा क्वार्टर येत्या जूनअखेर सोडायचा. भेडाघाटच्या रस्त्यावर बाबांनी घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधायचं, हे तुला ठाऊक आहे. कसं बांधायचं ते ठाऊक नाही, कारण तू अठराव्या वर्षी पुण्याला गेलास तेव्हा बाबांना दिसत होतं.

काचबिंदूने दुसराही डोळा घेतला तेव्हापासून बाबा घर डाव्या हाताने बघतात. पलंगावरून उठले की डावा हात भिंतीला. भिंत संपली की दार. दाराबाहेर बोळ, बोळात आधी न्हाणी-संडास, पुढे स्वयंपाकघर, ओट्याच्या कोपऱ्यात गॅस. सकाळचा चहा ते स्वतः करतात आणि मला आणून देतात. अर्धा कपात, अर्धा बशीत, पण आणून देतात. आणि संडासला जायला त्यांनी मला आजवर हाक मारलेली नाही. पंच्याऐंशीच्या माणसाची सगळी इस्टेट एवढीच असते, रंगा, की पोरीला हाक मारावी लागत नाही.

म्हणून मी ठरवलंय, नवं घर म्हणजे हाच क्वार्टर. तीच दारं, त्याच बाजूला. तोच ओटा, तितकाच उंच. फरशी मात्र खडबडीत. भेडाघाटचा संगमरवर तू सुचवलास, तो आपण बाबांच्या पायाखाली न घालता तुझ्या कल्पनेतच ठेवू. मोजपट्टी घेऊन मी घरभर रांगले आणि नकाशा काढून आलोकला दिला. आलोक आठवतो का? माझा विद्यार्थी, शब्दरूपं म्हणता म्हणता झोपायचा. आता इंजिनीअर होऊन ठेकेदारी करतो, आणि त्याची घरं त्याच्या शब्दरूपांपेक्षा सरळ उभी राहतात. नकाशा बघून म्हणाला, "मैडम, लोग सरकारी क्वार्टर से छूटने के लिए मकान बनवाते हैं. आप उसी की फोटोकॉपी बनवा रही हैं!"

मी म्हटलं, "बेटा, परीक्षा में इतनी कॉपी की है, एक बार और सही."

डिसेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. सध्या आमचा अंधपंगुन्याय चालू आहे. त्यांना दिसत नाही, मला चालवत नाही, दोघं मिळून एक धड माणूस होतो. पाया आखायच्या वेळेला मी पलंगावर असणार. तू रजा काढून येतो म्हणालास, ते ऐकल्यापासून बाबा रोज दाढी करून राहिले आहेत. ये. काही करू नको, नुसता उभा राहा. पलंगावरून उठल्यावर दार डाव्या हाताला येतं की नाही, तेवढं बघ. बाकी घर वाकडं झालं तरी चालेल.

तुझी ताई


जबलपूर, २९ डिसेंबर २०२४

चि. रंगा,

पोचल्याचा फोन बाबांना आला, मला नाही. तरी रागावत नाही, कारण सध्या मी ऋणात आहे. गेली कित्येक वर्षं तुझ्याविषयी जे जे बोलले त्यातलं अर्धं मागे घेते. उरलेलं अर्धं विचाराधीन.

थंडीत दिवसभर प्लॉटवर उभा राहिलास. चुन्याच्या रेघा तुझ्यासमोर पडल्या. बाबांना गाडीत घालून तिकडे नेलंस, खुर्ची टाकून उन्हात बसवलंस. येताना बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जलेबी आणलीस, जी डॉक्टरांनी त्यांना वर्ज्य सांगितली आहे आणि म्हणूनच ती त्यांना फार आवडली. माझ्या वॉकरची टकटक आली की तुम्ही दोघं बोलणं थांबवायचात. मला वाटलं, माझ्या निवृत्तीचं काहीतरी शिजून राहिलं. मी पलंगावर पडून छताकडे बघत हसले. साठीला आल्यावर माणूस भोळा होतो.

तुझ्या मनीषालाही सांग, तुला इतके दिवस सोडल्याबद्दल मी तिला मनापासून दुवा देते. लग्नात दिली होती तितकी.

बाबांचं मात्र जरा चमत्कारिक चाललंय. तू गेल्यापासून पलंगावर उशी पायथ्याशी घेऊन झोपतात. उठले की डावा हात मागे बांधून उजव्या हाताने भिंत चाचपतात. अर्थातच तिकडे दार नाही, कपाट आहे. काल कपाटाला धडकले. मी ओरडले तर म्हणाले, "काही नाही, डावा हात दुखून राहिला." डॉक्टरांना दाखवते. पण चेहरा इतका खुशीत, जसं काही सुट्टी लागली आहे. कपाटाला धडकून खूश झालेला माणूस मी प्रथमच बघते आहे.

आलोक म्हणतो, पायाला काळी माती फार लागली, जास्त खोदावं लागलं. मी म्हटलं, खोद. भाऊ उभा राहून आखणी करून गेला आहे, मला काळजी नाही.

तुझी ताई


जबलपूर, १६ फेब्रुवारी २०२५

श्रीरंग,

आज प्लॉटवर गेले होते. काठी घेऊन, रिक्षाने, न सांगता. न सांगता अशासाठी की महिनाभर आलोक मला थोपवून राहिला होता. "मैडम, अभी धूल बहुत है." "मैडम, घुटना संभालिए, अगले हफ्ते." मला त्याचं कौतुक वाटायचं. शाळेत कधी गृहपाठ वेळेवर दिला नाही, पण गुरूची काळजी बघा.

भिंती दारांच्या डोक्यापर्यंत आल्या आहेत. आत शिरले आणि गरगरलं. वाटलं, गोळ्यांचा परिणाम. हीच बाबांची खोली, हीच पलंगाची जागा, खुंटीला चिठ्ठीसुद्धा लावलेली, "बाबूजी का रूम". तरी काहीतरी खुपत होतं, कागदाची मागची बाजू वाचावी तसं. मग मी पलंगाच्या जागी उभी राहिले, डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला. भिंत. पुढे भिंत. आणखी पुढे भिंत आणि कोपरा. त्या भिंतीपलीकडे आता बैठक आहे. दार उजवीकडे. न्हाणी, संडास, स्वयंपाकघर, सगळं उजवीकडे. माझा नकाशा जसाच्या तसा आहे, फक्त आरशातला.

आलोक विटांच्या ढिगामागे उभा होता. मी काही विचारलं नाही. शाळेत मी नुसती बघायची, त्यावरच तो बोलायचा. ती सवय अजून आहे.

"श्रीरंग भैया ने चूना डलवाते समय पलटवा दिया था, मैडम. बोले, किचन अग्निकोण में चाहिए. बोले, दीदी को हम खुद बता देंगे."

"कब?"

"...छत पड़ने के बाद."

तू थंडीत उभा राहिलास तो यासाठी.

गंमत बघ. मी संस्कृत शिकवते म्हणून अख्खी कॉलनी मला मुहूर्त विचारायला येते, आणि मी त्यांना चहा देऊन परत पाठवते. आठ दिशांची नावं सातवीच्या पोरांकडून मी पाठ करून घेते. नैर्ऋत्येला स्वयंपाकघर असलं की अनर्थ, हे मला कळण्याआधी पुण्यात तुला कळलं, याचा गुरू म्हणून आनंद व्हायला हवा. क्वार्टरमध्ये आईचा ओटा जन्मभर नैर्ऋत्येलाच होता. त्यावर शिजलेलं खाऊन तू इंजिनीअर झालास. अनर्थ यालाच म्हणतात की काय, ठाऊक नाही.

काम थांबवायला सांगितलं आहे. स्लॅब पडलेला नाही. पाडून सरळ करता येईल. मला कारण हवं आहे. बाबांना अजून बोलले नाही. त्यांना काय सांगायचं ते तूच लिहून पाठव. वाक्य तुझं असू दे. वाचून दाखवायचं काम मी करीन.

विनता


जबलपूर, १२ मार्च २०२५

श्रीरंग,

तुझं वाक्य आलं नाही. फोन आला, तोही बाबांच्या फोनवर, मी शाळेत असताना. ठीक. पण आलोक घरी आला. बसला नाही. दारातच चप्पल अर्धी काढून म्हणाला, "मैडम, दीवार तुड़वाने से पहले एक बार बाबूजी से पूछ लीजिए."

"बाबूजींना काय विचारायचं?"

"हाँ तो उन्होंने ही कहा था, मैडम. भैया ने साइट पर बिठाकर पूछा था. मेरे सामने."

तो गेल्यावर मी बाबांसमोर बसले. ते मटार सोलत होते. तुला सांगायला नको, या मोसमात जबलपूरच्या घराघरात तेवढं एकच काम असतं.

"बाबा, नवं घर उलटं झालंय. तुम्हाला माहीत होतं?"

"हओ."

"कधीपासून?"

"चुना पडला तेव्हापासून." सोलणं थांबलं नाही. "तो म्हणाला, मनीषाला नैर्ऋत्येचं स्वयंपाकघर चालत नाही. दिशा बरोबर असली तर दोघं नोकरी सोडून इथं येऊन राहतात. त्यांच्या पोरीचं, चिन्मयीचं कॉलेज संपलं की."

"आणि तुमचं काय? तुमचं दार?"

"मी शिकून राहिलो न. उशी काय उगाच फिरवली?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कपाटाला धडकून खूश झालेला माणूस. मला न कळू देता, पायथ्याशी डोकं ठेवून, हा पंच्याऐंशीचा म्हातारा उलट्या घराची रंगीत तालीम करत होता. आणि मी त्याला डाव्या हाताला लावायचं मलम आणून दिलं.

"मला काहून नाही सांगितलं, बाबा?"

"तू नाही म्हटलं असतं." एक शेंग सोलून झाली. "आणि तुझं बरोबर असतं. बरोबर माणसासमोर हट्ट नाही करता येत, विनता."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत उभी राहिले. कुकर लावलेला नव्हता.

शत्रूने फसवलं तर काय करावं, यावर आपल्या पूर्वजांनी पोथ्या भरभरून लिहिलं आहे. साम, दाम, दंड, भेद. यादी पाठ आहे मला. बाप आणि भाऊ मिळून, प्रेमाने, जलेबी खाऊ घालून फसवतात तेव्हा काय करावं, यावर कुणी अक्षर लिहिलेलं नाही. बहुधा लिहिणाऱ्यांच्या घरी ते काम बहिणींवर सोपवलेलं असावं. दोन पुरुषांनी उन्हात बसून घर फिरवलं, आणि ज्या बाईने ते रांगत मोजलं ती भोळसटासारखी दुवा देत पलंगावर पडून होती. तुझ्यावर रागावणं मला जमतं, सराव आहे. त्यांच्यावर कसं रागवायचं ते मी शिकलेले नाही.

काम पुन्हा सुरू करवलं. स्लॅब पडला. मजुरांना लाडू वाटले, बाबांनी स्वतःच्या हाताने, उजव्या.

आता एकच ऐक. त्यांनी तुझ्या येण्याच्या बदल्यात आपलं चालणं दिलं आहे. त्या वयाचा माणूस यापेक्षा मोठं काही देऊ शकत नाही, त्याच्याजवळ नसतंच. आता ये. कसाही ये, कुरकुरत ये, मनीषाचे सगळे कोन घेऊन ये. पण ये.

विनता


जबलपूर, २४ ऑगस्ट २०२५

श्रीरंग,

जूनमध्ये आम्ही नव्या घरात आलो. तू म्हणालास वास्तुशांतीला दिवाळीनंतर येतो, पाटावर जोडपं लागतं, आम्हीच बसू. म्हणून शांती न करता आलो. अशांतीची सोय आधीच झालेली होती.

बाबांनी तालीम मनापासून केली होती, हे मी कबूल करते. दिवसा, जागेपणी, ते उजव्या हाताने दारापर्यंत पोचतात. पण झोपेतून उठलं की हात जुना होतो. डावा पुढे जातो, भिंत संपत नाही, मग ते कोपऱ्यात उभे राहतात. कपाळाला दोनदा लागलं. एकदा गॅसचा कोपरा चुकला आणि उकळतं पाणी मनगटावर आलं, तेव्हापासून चहा मी करते. पिऊन ते "छान झालाय" म्हणतात, परक्याच्या घरी म्हणतात तसं. आणि आता ते मला हाक मारतात. पहिल्या वेळी "विनता" म्हणाले आणि पुढे काही बोललेच नाहीत. मी गेले, हात धरला, नेलं. परत आणताना मला म्हणाले, "थँक यू." बाप लेकीला थँक यू म्हणतो ते ऐकायला तू इथे असायला हवा होतास.

हे मी तुला लिहिणार नव्हते. तू आलास की घरात माणसं वाढतील, आवाज वाढतील, त्यांना बरं वाटेल, असा हिशेब करून बसले होते. पण आज सकाळी तुझी माणसं आली.

गाडीतून एक जोडपं उतरलं. नवराबायको सभ्य, चपला बाहेर काढणारे. "श्रीरंगजी ने बताया था. घर ज़रा देख लें?" मला वाटलं, तुझे मित्र, येण्याआधी खोल्या बघायला धाडले. मी पाणी दिलं. बाबा बैठकीत पंख्याखाली होते, तेही खुलले. बाई थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "अजी सुनिए, किचन तो एकदम अग्निकोण में है! बाद में बेचने जाओ तो लोग पहले यही पूछते हैं."

मी म्हटलं, "बेचने?"

गृहस्थ ओशाळले. खरंच भला माणूस होता. "नहीं नहीं दीदी, कोई जल्दी नहीं है. श्रीरंगजी ने साफ कह दिया है, अभी तो बाबूजी हैं. उनके बाद ही. हमने सोचा, देख तो आएँ."

बाबूजी हाताच्या अंतरावर बसले होते.

"बैठिए न," बाबा म्हणाले. "आप पूना में मिले उनसे?"

"जी. उनके नए फ्लैट की पूजा में गए थे. बहुत बढ़िया जगह ली है. अब तो वहीं के हो गए."

"अच्छा," बाबा म्हणाले. "अच्छा, अच्छा. विनता, यांना चहा दे."

मी चहा दिला. अग्निकोनात केलेला. आवडला त्यांना.

ते गेले आणि जेवायची वेळ झाली. मी पान वाढलं, वरण-भातावर तूप घातलं, हात ताटाला लावून दिला. त्यांनी भात कालवला आणि तसाच ठेवला.

"तो येऊन नाही राहिला न?"

मला खोटं बोलता आलं असतं. या घरात आता ती परंपरा आहे. मी म्हटलं, "नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. रडले वगैरे नाहीत. तू अगदी निश्चिंत राहा. घास घेतला, चावला, गिळला. मग, शेजाऱ्याला दिलेली शिडी परत मागावी तशा आवाजात म्हणाले, "मग माझं दार मला दे."

विश्वासघात हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, समास सोडवायला. फार स्वच्छ दिसतो फळ्यावर. पोरं वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या शब्दाकडे जातात. मी पुढच्या शब्दाकडे जाऊन राहिले नाही, एवढंच कळवायचं होतं. तुला दुपारी फोन केला तेव्हा "मीटिंगमध्ये आहे" असा निरोप आला. आज रविवार आहे.

विनता


जबलपूर, ५ ऑक्टोबर २०२५

श्रीरंग,

दिवाळीनंतरच्या कोणत्या तारखा तुम्हाला सोयीच्या, हे तू काल मोठ्या उत्साहाने कळवलंस. म्हणून हे लिहिते. नाहीतर लिहिणार नव्हते.

पितृपक्ष लागला त्या दिवशी मी आलोकला बोलावलं. तो म्हणाला, "मैडम, इन दिनों में तो कोई काम शुरू नहीं करता."

"म्हणजे तुझे मिस्त्री रिकामे असतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. "हओ, मैडम," म्हणाला.

बाबांच्या डाव्या हाताची भिंत फोडली. पलीकडची बैठक आता बैठक राहिली नाही. तिच्यात बोळ निघाला, न्हाणी-संडास झाला, त्यापुढे स्वयंपाकघर, क्वार्टरच्या उंचीचा ओटा, कोपऱ्यात गॅस. मधल्या दिवसांत शेजारच्या शैलजावहिनींकडे चला म्हटलं तर बाबा हलले नाहीत. पंचा नाकाला बांधून, खुर्चीत, त्या धुळीत, घणाचे घाव ऐकत बसून राहिले. भगदाड पडलं तसे उठले, विटांच्या कडेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "जरासं अलीकडे." मिस्त्रीने अलीकडे घेतलं. तळवा पुन्हा ठेवला. "हं."

तुझं आग्नेयेचं मॉड्यूलर स्वयंपाकघर मी मोडलेलं नाही. तिथे आता खुर्च्या टाकल्या आहेत. येणारे-जाणारे चिमणीखाली बसतात. अग्निकोनाचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे, पाहुणे लवकर उठतात. बाबांच्या उजव्या हाताचं दारही तसंच आहे. बुजवलं नाही. त्यांचा हात तिकडे जातच नाही.

वास्तुशांतीचं विचारलंस. पाटावर जोडपं लागतं हे खरं. पण गुरुजी यजमानाला संकल्प सोडायला लावतात, या घरात सुखाने राहू म्हणून. ते संस्कृतात असतं म्हणून तू बिनदिक्कत म्हणशील. मला त्याचा अर्थ कळतो, आणि मला तिथे बसून ते ऐकवणार नाही. तेव्हा शांती होणार नाही. घराला फारसं काही वाटलेलं दिसत नाही.

तू मला फसवलंस याचं मला आता तितकं काही नाही. तू त्यांना आशा दाखवलीस, आणि तीसुद्धा गिऱ्हाईकासाठी, हे मात्र माझ्याने गिळवत नाही. आणि खरं सांगू, त्यांच्यावरचाही राग गेलेला नाही. ते तुला अजून एका शब्दाने बोललेले नाहीत. माझ्याशी तुझा विषय निघाला की म्हणतात, "त्याचीही काही अडचण असेल." माझी कधी अडचण असेल असं या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. असू दे. मी पान वाढते, ते जेवतात, दोघंही एकमेकांना सांभाळून राहिलो आहोत. सांभाळणं आणि विसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तू येऊ नको असं मी म्हणणार नाही. हे घर त्यांचं आहे. आलास तर चिमणीखाली बस.

हे लिहीत होते तेव्हा बाबा उठल्याचा आवाज झाला. मी लेखणी खाली ठेवली नाही, उठले नाही, बघितलंही नाही. भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही. मग पातेलं, मग लायटर, दोनदा खटखट. मग बराच वेळ काही नाही, आणि मला उठून धावायचं नव्हतं म्हणून मी टेबलाची कड धरून बसले. ते चहा घेऊन आले. अर्धा कपात, अर्धा बशीत. माझ्यासमोर ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

"रंगाला लिहून राहिली न?"

"हो."

"लिही मग त्याला. घर बघायला आणखी कुणाला पाठवणार असशील तर आधीच सांगून दे म्हणावं, स्वयंपाकघर नैर्ऋत्येला आहे. मागून कुरकुर नको."

आणि स्वतःचा कप आणायला परत गेले.

सांगितलं.

विनता